माती संपते तिथलं दुकान

वहिनीने टायरच्या खाचेत अंगठा खुपसला आणि रबराचा ठोकळा वाकतो का ते दाबून पाहिलं. नख पांढरं पडलं, रबर हललं नाही.

"टायर घेताय की वांगी?" दीर म्हणाला.

"वांगं किडकं निघालं तर फेकून देता येतं, भाऊजी."

तो हसायला गेला, आणि हसू अर्ध्यावर टाकून पाना शोधू लागला. दुकानाच्या दारात चारही चाकं काढलेली जीप ठोकळ्यांवर उभी होती. ठोकून सरळ केलेल्या डाव्या दाराचा रंग बाकीच्या अंगाशी जुळत नव्हता. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्याची आई बसली होती, सुयांनी गाठाळलेला हात मांडीवर ठेवून. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनवर धुवावं लागे. घरापासून अकरा किलोमीटर उताराची माती, मग हे दुकान, मग इस्पितळापर्यंत चाळीस किलोमीटर डांबर. मोठा मुलगा गेल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या भरवशावर मशीनच्या दोन खेपा चुकल्या होत्या. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तिसरी चुकली तर काय होईल, ते डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

दिराने भिंतीला टेकलेल्या टायरांवर एकेक थाप मारली.

"हा डांबराचा. मातीत गेला की लोळण घेतो. हा चिखलाचा. कुठूनही बाहेर काढेल, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारलात तर तुमचं ऐकणार नाही. आणि हा मधला."

"दोन घरचा पाहुणा उपाशी, तसा नाही ना?"

"नाही. फक्त चिखलात हवा कमी करावी लागेल."

बोलून झाल्यावर त्याने खाली पाहिलं.

हवा कमी केली की टायर तळव्यासारखा पसरतो आणि चिखल त्याला पाठीवर घेतो. मोठ्या भावाला त्यानेच हे शिकवलं होतं. पण डांबरावर आलं की हवा परत भरायची. मऊ टायर वेगात तापतो, तापून फुटतो. म्हणून प्रत्येक खेपेला भाऊ माती संपते तिथे, याच दुकानासमोर, थांबायचा. हॉर्न वाजवायचा. हा नळी ओढत बाहेर यायचा.

त्या दिवशी शटर खाली होतं आणि तो आत होता. आदल्या दिवशी भाऊ म्हणाला होता, पावसाळ्यापुरती आईला तुझ्याकडे ठेव. उद्या सांगतो म्हणून त्याने विषय टाळला होता. हॉर्न तीनदा वाजला. तो बाकावर श्वास धरून बसून राहिला. मशीनची वेळ थांबत नाही. भाऊ तसाच पुढे गेला. सहाव्या किलोमीटरला टायर फुटला, भाऊ जागीच गेला. मागे बसलेल्या आईला खरचटलं, एवढंच. सगळ्यांना त्याने सांगितलं, जेवायला गेलो होतो. कुणी उलटून विचारलं नाही.

"वहिनी, गाडी विकून टाका," तो म्हणाला. "आईला मी ठेवून घेतो."

वहिनीने सासूकडे पाहिलं. सासू रस्त्याकडे पाहत होती.

"मधले चार बसवा," वहिनी म्हणाली.

त्याने बसवले. प्रत्येक नट दोनदा आवळला. हवा भरताना वहिनी काट्यावर वाकून उभी राहिली.

"डांबरावर बत्तीस, मातीत अठरा," ती ओव्या पाठ कराव्यात तशी पुटपुटली. मग फळीकडे बोट दाखवलं. "तो बॅटरीवरचा पंपही द्या."

"तो कशाला? मी आहे ना इथे. दुकान उघडंच असतं."

"आईंनी घ्यायला सांगितलाय."

वहिनी जीपमध्ये चढून स्टिअरिंगमागे बसली. म्हातारी खुर्चीतून उठत होती. तो धावला, तिच्या कोपराला धरलं. तिने हात सोडवला नाही. त्याच्या आधाराने पायरी चढली, मागच्या सीटवर टेकली, धाप ओसरेपर्यंत थांबली.

"शटर वीतभर वर होतं," ती म्हणाली. "तुझे पाय दिसले मला."

त्याचा हात दारावरच राहिला.

"तो उतरून ठोठावणार होता. तुमची जुंपली असती. म्हणून मीच त्याला म्हटलं, जेवायला गेला असेल रे, चल पुढे."

पुढच्या सीटवर किल्ली अर्धी फिरवलेली वहिनीची बोटं थांबली होती. म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि सुजलेले पाय एकेक करून आत ओढून घेतले.

मग मान न वळवता वहिनीने खिडकीतून हात बाहेर काढला.

"पंप द्या, भाऊजी. उशीर होतोय."