आतून न उघडणारं दार

हँडल माझ्या हातात आलं तेव्हा सासूबाई गाडीतच होत्या. त्यांच्या डोळ्यातलं इंजेक्शन उरकून आम्ही घरी पोहोचलो होतो. एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी. त्यांच्या बाजूचं दार आतून उघडून द्यायला मी माझ्या सीटवरून आडवी वाकले, ओढलं, आणि कट्ट!

"काय मोडलंस गं?"

"काही नाही, आई. बसा, मी बाहेरून उघडते."

उघड्या डोळ्याने त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी तेवढा एक डोळाही मला जास्त वाटला.

गाडी माझ्या नणंदेची. नोकरीपायी ती काही महिने परगावी गेली, जाताना म्हणाली, "नुसती उभी राहून कुजेल. आईला दवाखान्यात न्यायला वापरा." मग फोनवर दर वेळी दोनच प्रश्न: गाडी ठीक ना, आई ठीक ना. याच क्रमाने. हल्ली त्यात तिसरं वाक्य आलं होतं. "वहिनी, आईचं करून तुझी फार दगदग होते. या रविवारी मी येते ना, तेव्हा तिला गाडीतून माझ्याकडेच घेऊन जाते."

दुसरी एखादी हुश्श म्हणाली असती. मला मात्र त्यांना सोडायचं नव्हतं. मी घरी सोफ्याची कव्हरं, पडदे शिवते. सासूबाई शेजारी बसून बोटांनी शिवण चाचपतात आणि वाकडी निघाली की उसवायला लावतात. माझी आई गेल्यापासून मला रागावणारं माणूस एवढं एकच उरलंय. आणि आता नणंदेला आयतं कारण मिळणार होतं: ज्यांना गाडीचं दार सांभाळता येत नाही, ते आईला काय सांभाळणार?

म्हणून मी कुणाला बोलले नाही. आमच्या घरची रीतच आहे ती. मोडलेली वस्तू ज्याच्या नजरेला पडेल त्याने गुपचूप जोडायची, चर्चा करायची नाही. मिक्सरच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा कधी बसला, सासूबाईंच्या चष्म्याच्या दांडीला दोरा कुणी गुंडाळला, कोणी विचारत नाही.

आधी गोंद लावला. हँडल चिकटलं नाही, माझं बोट आणि अंगठा मात्र एकमेकांना सोडेनात. मग दाराचं आतलं अस्तर उचकटलं. हँडलच्या मागे एक बारीक तार असते, ती ओढली की दार उघडतं. तारेला मी सोफ्याच्या कव्हरची जाड सुती पट्टी बांधली, टोक खालच्या फटीतून बाहेर काढलं, आणि हँडल वरून नुसतं टेकवून ठेवलं. दाखवायला हँडल, उघडायला पट्टी. दहादा ओढून पाहिली, दहाही वेळा दार उघडलं. तरी जिवाला चैन नव्हतं. फोन वाजला की हातातली सुई थांबायची.

रविवारी सकाळी शेवटचं एकदा बघावं म्हणून गाडीत बसले. हँडल दगडासारखं. पट्टीचा पत्ता नाही.

"अहो!"

नवरा अर्ध्या गालाला फेस लावून बाहेर आला. "ते हँडल होय? काल बघितलं, डुगडुगत होतं. तुला उगाच घोर नको म्हणून गळक्या पाइपला लावतो तो मसाला मळून भरला. आता हत्ती लोंबकळला तरी निघणार नाही."

"निघणार नाही हो, पण उघडणारही नाही! आणि माझी पट्टी?"

"ती तुझी होती?" दारातून सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं सीटचं काहीतरी उसवलंय. लेक येऊन म्हणेल, माझ्या गाडीची लक्तरं केली. कालच कापली. अगदी मुळापासून." शेवटचं वाक्य त्यांनी जरा अभिमानानेच म्हटलं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे, तोच कोपऱ्यावर चाकांच्या बॅगेचा खडखडाट ऐकू आला.

नणंद आली. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली. "छान ठेवलीय हं, वहिनी." हे कौतुक मला चिमट्यासारखं लागलं. चहा झाला. "आईची बॅग भरलीय ना? ऊन चढायच्या आत निघू."

नवऱ्याने खाली चपलांकडे बघायला सुरुवात केली. सासूबाई काठी टेकत गेल्या आणि सवयीने आपल्या जागेवर बसल्या. नणंदेने त्यांची बॅग डिकीत ठेवली आणि दार लावलं. धप्प.

मी गप्प राहिले असते तर माझं नाव चांगलं राहिलं असतं. पण इतक्या लांबचा रस्ता, मध्ये कुठे गाडी बंद पडली, धूर आला, नणंद खाली उतरून फोनवर बोलत राहिली, आणि सासूबाई आत ते हँडल ओढतायत...

"वन्सं, थांबा. ते दार आतून उघडत नाही. हँडल माझ्या हातून तुटलंय."

"मसाला माझा," नवरा पुटपुटला.

सासूबाईंनी आतून काचेवर टकटक केली. "पट्टी मी कापली!"

नणंदेने बाहेरून दार उघडलं, आत वाकून हँडल दोन्ही हातांनी ओढलं. ढिम्म हललं नाही.

"आणि फोनवर मला काय सांगत होतीस? सगळं ठीक?"

"हो."

"का पण?"

"तुम्ही आईंना नेलं असतं म्हणून."

ती वळली. मागचं दार उघडून मागच्या सीटवर मटकन बसली आणि "आई गं!" करून तशीच उठली. "स्प्रिंग! अरे, इथे उशी कोंबली होती मी. सरकली वाटतं."

"म्हणजे गाडी दिलीस तेव्हापासूनच सीट मोडकी?" नवऱ्याचा चेहरा एकदम उजळला.

"दादा, तू मध्ये बोलू नकोस."

सासूबाई खदखदून हसायला लागल्या. हसू ओसरलं तशा म्हणाल्या, "मला कोणी विचारणार आहे का? येईन मी तुझ्याकडे. तूही एकटीच असतेस. पण पुढच्या इंजेक्शनला मला इथे आणून सोडायचं."

"अगं, डॉक्टर आमच्याकडेही आहेत."

"डॉक्टर असतील. पण या माझ्या सुनेला कोण नेणार? सुई दिसली की ही माझा हात असा आवळते, नर्स आधी पाणी हिला देते."

"मी कुठे..." म्हणत मी हात पाठीमागे घेतले.

नणंदेने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "इंजेक्शनच्या आदल्या दिवशी आणून सोडते," ती म्हणाली. "पण या दारामागे बसवून मी तिला नेणार नाही. गॅरेज आज बंद. उद्या दुरुस्त करून घेऊ, मग जाऊ."

आणि डिकीतली सासूबाईंची बॅग काढून पुन्हा घरात घेऊन गेली.

"गॅरेज कशाला?" नवरा म्हणाला. "एक छिन्नी लागेल फक्त."

"अहो, नको!" मी ओरडले. सासूबाईही ओरडल्या, आणि नणंद आतून धावत आली.