एट हंड्रेडची शिटी

"शिटी वाजून राह्यली काका," दिव्यानी म्हणाली. "गाडी साठच्या वर गेली का सुरू होते. मूलपासून थेट चंद्रपूरपर्यंत."

"वाजतच नाई," मुखरू म्हणाला. त्याने जुन्या एट हंड्रेड गाडीचं मागचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. लावताना नेहमीप्रमाणे मान वाकडी करून उजवा कान दाराकडे नेला. "आयक. कसं धप्प बसते. हवा जाईन कुठून?"

सावली गावात मूल रोडवर टिनाच्या शेडखाली मुखरूचं दुकान. जुन्या गाड्यांच्या काचांच्या पट्ट्या, काचेचं चॅनल, दारांचं रबर, एवढंच त्याचं काम. इंजिनाला त्याने जन्मात हात लावला नाही आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही. तीस वर्षांत पार चिमूरपर्यंत त्याचं नाव झालं ते कानामुळे. दार नुसतं लावून तो सांगायचा, खालच्या कोपऱ्यात रबर मेलं आहे. आणि उघडून बघावं तर तिथेच मेलेलं निघायचं. लोक हे बघायला मुद्दाम थांबत. मुखरूलाही ते आवडायचं. ती नाटकी मान वाकडी करण्याची सवय त्याच दिवसांतली.

गेल्या वर्षापासून तो कान दगा देत होता. समोरच्याचं बोलणं कळायचं, ओठांकडे बघितलं की जास्त कळायचं. पण बारीक आवाज एकेक करून निघून गेले. आधी चिमण्या गेल्या, मग गोकुळाच्या बांगड्या, मग कुकरची शिटी. गोकुळाला, त्याच्या बायकोला, हे ठाऊक होतं. तिच्यापलीकडे कुणालाच नाही. ज्याचं दुकान कानावर चालतं, त्याने आपण बहिरे झालो हे कोणत्या तोंडाने सांगावं?

"तुह्याच कानात वाजत असन पोरी," तो म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

दिव्यानी चिडली नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो. "माह्या कानात असन, असू द्या. बाबाच्या कानात काऊन वाजते मंग?"

बाबा म्हणजे मनसाराम, मागच्या सीटवर चादर पांघरून बसलेला. झाडीपट्टीच्या नाटकांत त्याने पस्तीस वर्षं पेटी वाजवली होती. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी दिव्यानी त्याला डायलिसिससाठी चंद्रपूरला नेत असे. चार तास मशीनला लागून निघाला की माणूस पिळलेल्या फडक्यासारखा व्हायचा. घरी रात्रीही त्याला झोप नव्हती. परतीच्या वाटेवर गाडीत जो डोळा लागायचा तेवढीच त्याची झोप. जुनं रबर झिजलेलं होतं तेव्हा धूळ आत यायची, पाणी गळायचं, पण झोप लागायची. तीन आठवड्यांपूर्वी मुखरूने नवं रबर लावलं आणि ही शिटी मागे लागली. दुसऱ्या कुणी ती सोसली असती. पेटीवाल्याच्या कानाला बेसूर शिटी म्हणजे दाढेचं दुखणं.

मुखरूने कागदाचा कपटा दाराच्या फटीत धरून ओढून बघितला. चारी बाजूंनी घट्ट.

"उभ्या गाडीत नाई समजत," मनसाराम म्हणाला. "चाल, बस माह्या संग."

मुखरू बसला. नाही कसं म्हणणार? गाडी मूलच्या दिशेने निघाली. दोन्ही बाजूंना धानाचे बांध, मग सागाची झाडं. मुखरू मनसारामच्या ओठांवर नजर ठेवून होता. उत्तर त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.

"आली," मनसाराम म्हणाला. "काळी पाचच्या जराशी वर. ना इकडची ना तिकडची."

मुखरूने गंभीरपणे मान हलवली. पुढे वळणावर म्हशी रस्त्यात आल्या. दिव्यानीने गाडी हळू केली, अगदी थांबवली.

"आता आयकली?" मनसारामने विचारलं.

"आयकली ना," मुखरू म्हणाला. "बारीकशी आहे. पन आहे."

गाडी उभी होती. म्हशी काचेला अंग घासत चालल्या होत्या. मुखरूच्या लक्षात आलं तेव्हा शब्द तोंडातून निघून गेला होता. मनसाराम त्याच्याकडे बघत राहिला. पस्तीस वर्षं त्याने नटांना सूर दिले होते. कोण ऐकून गातो आणि कोण नुसतं तोंड हलवतो हे त्याला कळत होतं. आता हा पोरीला सांगणार, आणि संध्याकाळपर्यंत सावलीभर होणार, असं मुखरूला वाटलं.

"पोरी," मनसाराम म्हणाला, "गाडी पुन्हा साठवर घे."

गाडी वेगात आली. मनसारामने चादरीतून सुजलेला हात काढला आणि मुखरूचं बोट धरलं. शिकाऊ पोराचं बोट पेटीच्या पट्टीवर ठेवावं तसं ते दाराच्या रबरावर ठेवलं आणि हळूहळू वर सरकवलं. खिडकीची कड, वरची चौकट, मागचा कोपरा. तिथे त्याने बोट दाबून धरलं.

"गेली," तो हलकेच म्हणाला. बोट उचललं. "आली." पुन्हा दाबलं. "गेली."

मुखरूच्या बोटाखाली सांधा होता. तांदळाच्या दाण्याएवढी फट. रबर कोपऱ्यातून उचललं गेलं होतं, वेगात हवा तिथून घुसत होती.

असं का झालं हे त्याला तिथल्या तिथे कळलं. रबर बोटभर कमी पडलं होतं. नवं आणायला चंद्रपूरला जावं लागलं असतं, म्हणून त्याने ते ताणून पुरवलं. ताणलेलं रबर आज ना उद्या आखडतं. इतरांनी ताणलेलं रबर त्याने शेकडो वेळा उपटून फेकलं होतं, वर त्यांची अक्कल काढली होती. त्या दिवशी दार लावून त्याने कान दिला होता आणि त्याला जे ऐकायचं होतं तेच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बसने जाऊन रबर घेऊन आला. मापापेक्षा बोटभर जास्तच कापलं, जराही न ताणता दाबत दाबत बसवलं, सांधा खालच्या बाजूला घेतला. दार लावलं. मान वाकडी केली नाही. मनसारामच्या तोंडाकडे बघितलं.

"अजून एक डाव लाव," मनसाराम म्हणाला. मुखरूने लावलं. मनसारामने डोळे मिटून मान हलवली.

"दिव्यानी," मुखरू म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या पंक्चरवाल्याने वळून पाहिलं. "मले बारीक आयकू येत नाई. वर्स झालं. काल तुले खोटं बोललो मी."

दिव्यानीने बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, आणि हे त्याला आधीच माहीत होतं हे तिला कळलं.

शुक्रवारी दुपारी दुकानासमोर एक पांढरी गाडी येऊन उभी होती. आतलं गिऱ्हाईक मुखरूला बोलवायला हॉर्न दाबत होतं. पाठमोरा मुखरू कात्रीने पट्टी कापत होता. तो वळला तेव्हा त्याला दिसली पलीकडे रस्त्यावर एसटीमागे अडकलेली, चंद्रपूरहून परतणारी एट हंड्रेड. मनसारामचं डोकं मागच्या काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. गाढ झोपला होता.

मुखरू कात्री टाकून धावला आणि गिऱ्हाइकाचा हॉर्नवरचा हात धरला.

"हळू भाऊ," तो म्हणाला. "मानूस झोपला आहे."