चोळीची गाठ

कॅन्सरमुळे सोनुबाईची डावी छाती काढली, तेव्हापासून ती चोळीत फडक्याची गुंडाळी घालायची. सेहेचाळीस सालच्या भातलावणीत ती वाकली आणि गुंडाळी चिखलात पडली. तिची जाऊ धोंडूबाई हिनं ती उचलली, धुतली आणि काही न बोलता तिच्या हातात दिली. ते न बोलणंच सोनुबाईला लागलं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, नागूला सांगितलं, "आता फडकं घालायचं नाय."

कर्जतहून गाडीनं दोघं पुण्याला गेली. तिथल्या एका डॉक्टरांनी लढाईत भाजलेल्या शिपायांचे चेहरे नीट केले होते. त्यांनी समजावलं की पोटाची कातडी चरबीसकट नळीसारखी वळायची, तिचं एक टोक छातीला जोडायचं, आणि ते जगलं की मगच पोटाकडचं टोक तोडायचं. चार-पाच खेपा तरी होतील.

"म्हंजे मोगऱ्याचं दाबकलम. फांदी मातीत दाबायची, मूळ धरलं की मग तोडायची," सोनुबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. म्हणाले, अगदी तसंच.

दिवाळीनंतर नळीचं टोक छातीला लागलं. टाके निघाल्यावर ती कशेळ्याजवळच्या आपल्या घरी आली. पोट आणि छाती नळीनं एकमेकांना बांधलेली, म्हणून जरा वाकून चालायची. आठव्या दिवशी सकाळी नागूनं पाहिलं, तर नळी जांभळी पडलेली आणि तिच्यावर चोळीची गाठ करकचून आवळलेली.

"सैल कर गं."

"दगड ठेवल्याबिगर फांदी मूळ धरते का? डॉक्टरच बोलला, तसंच हाय."

नागूनं विळा घेतला आणि गाठ कापली.

"फांदीत रगात नसतं," तो म्हणाला. "हिच्यात तुजं हाय."

मग दोघं नळीचा रंग बघत बसली. गुरं तशीच बांधलेली राहिली. दुपारपर्यंत जांभळेपणा उतरला, टोकाची बोटभर जागा तेवढी काळी राहिली. पुण्याला डॉक्टरांनी ती कापून काढली. छाती जरा लहान होईल म्हणाले.

"होऊ द्या. माजीच हाय ना," सोनुबाई म्हणाली.

वैशाखात शेवटची खेप झाली. आषाढात ती लावणीच्या रांगेत वाकली, आणि काही पडलं नाही. धोंडूबाईनं तिच्याकडे बघितलं.

"चोळी लय सैल गं. नवऱ्यानं शिवली का?"

"शिवली नाय. कापली."

त्यानंतर सोनुबाईनं पाच लावण्या केल्या. गाठ कधी आवळली नाही.