शिरगणतीतलं सहावं मूल

नोबिलाची विजार पारेच्या कमरेवर काही केल्या बसेना. नाडी आवळली तर पोट वरून ओघळायचं, सैल सोडली तर विजार सरळ गुडघ्याकडे निघायची. अंगणात जमलेल्या बायका तोंडाला पदर न लावता खिदळत होत्या.

"कुत्र्याची मुंडकी खाऊन पोट बघा केवढं सुटलंय या सामोचं!" एकीनं आवाज टाकला.

"खातो तर खातो! तुम्ही मोसी म्हणजे आमचे गुलाम, तुमच्या हातचं वेळेवर मिळालं असतं तर कुत्र्यामागे कशाला धावलो असतो?"

लोक हसले. उत्तर चांगलं चाळीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं होतं. एरवी पारेनं ते भुवया उडवत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं फेकलं असतं. आज ते तोंडातून नुसतं गळून पडलं, आणि हे त्याचं त्यालाच कळलं.

सामो आणि मोसी या दोन जमातींचं हे थट्टेचं नातं आजा-पणजाच्याही आधीचं. एकमेकांना गुलाम म्हणावं, चोर म्हणावं, आईबापांचा उद्धार करावा. कुणी रागवायचं नाही, रागावला तो हरला. आणि मोसी मेला की पाऊसपाणी सरल्यावर, ज्वारी कणगीत पडल्यावर, त्याचं मोठं उत्तरकार्य होतं. त्या दिवशी सामोनं मेलेल्याचे कपडे घालायचे, त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं खोकायचं. घरचे हसले की मेलेला वाटेला लागतो. नाही हसले तर उंबऱ्यावरच बसून राहतो म्हणतात. पारेनं आजवर अकरा जणांना असं वाटेला लावलं होतं. एका गावच्या मुखियाची त्यानं अशी नक्कल केली होती की मुखियाचे तिन्ही मुलगे पोट धरून लोळले होते.

पण ते अकरा जण म्हणजे कुणी नोबिला नव्हते.

सकाळी बस थांब्यावर न्यायला आलेल्या पास्कलनं, नोबिलाच्या थोरल्या मुलानं, मोटरसायकल सुरू करायच्या आधीच सांगून टाकलं होतं, "काका, आईला तेवढं हसवा. बाबांना जाऊन पाच महिने झाले. ती हसली नाही, तसं रडलीही नाही. बाकी काही जमलं नाही तरी चालेल."

नोबिलाची बायको कुईल्गा चटईवर बसली होती. काठीवर हनुवटी टेकवून ती पारेकडे बघत होती, बाजारात न घ्यायच्या वस्तूकडे बघावं तशी.

विजारीला शेवटी दोरी बांधली. पारेनं डोक्यावर नोबिलाची टोपी चढवली आणि डोळे मिटून घेतले. माणूस आठवायचा म्हणजे पहिल्यापासून आठवावा लागतो.

पहिली भेट याको गावच्या सरकारी कचेरीतली. पारे तेव्हा नवा कारकून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे बसलेला. नोबिला कोस्टला, दक्षिणेकडच्या शेजारी देशात जायला निघाला होता, कोकोच्या मळ्यांत राबायला. त्यासाठी ओळखपत्र हवं होतं. त्या काळी गावातला कुठला धडधाकट गडी कोस्टला जात नव्हता? समुद्र नाही, बंदर नाही, आपला देश चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनीनं वेढलेला. शेजाऱ्याचं दार हेच आपलं दार, असं म्हातारे म्हणायचे. पारेनं त्याचं आडनाव वाचलं, मोसी आहे म्हणून कळलं, आणि त्याला दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. "गुलामाला घाई कसली?" तिसऱ्या दिवशी नोबिला पोतं घेऊन आला आणि त्यातून कुत्र्याची कवटी काढून टेबलावर ठेवली. "साहेब, जेवण आणलंय. जेवा, मग शिक्का मारा." नेमके त्याच वेळी मोठे साहेब दारात उभे! शहरातून आलेल्या त्या साहेबांना हा प्रकार माहीत नव्हता, त्यांनी शिपायाला हाक मारली. तोवर इकडे कारकून आणि अर्जदार एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते.

तिथून पुढे चाळीस वर्षं. कोस्टचे चार हंगाम करून, डाव्या पायावर कोयत्याचा घाव घेऊन नोबिला परत आला तो कायमचा. मग दर बाजाराच्या दिवशी कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली दोघांची बैठक. तुंब्यात ज्वारीची दारू, मांडीवर रेडिओ, आणि जगातल्या सगळ्या सरकारांना शिव्या. काय दिवस होते! पारेला वाटलं, माणसाला म्हातारपणी कुणी विचारलं की कुठल्या देशाचा, तर त्या कडुनिंबाचं नाव सांगावं.

त्यानं डोळे उघडले आणि डावा पाय ओढत अंगणात उतरला.

"पास्कल! गिनी कोंबड्या मोजल्यास का?" तो घसा खाकरत ओरडला. "एकोणीस? काल तर वीस होत्या! सामो आला होता वाटतं घरी?"

अंगण हशानं फुटलं. पारे टोपी मागे सारून रेडिओवर खेकसला, सुनेच्या कालवणाला नावं ठेवली, बसता बसता "आई गं" म्हणून कण्हला. पोरंटोरं मागे लंगडत चालायला लागली. पास्कल हसता हसता भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

कुईल्गाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

पारेनं आणखी एक फेरी मारली, आणखी खोकला. तेवढ्यात तिनं कोपऱ्यातल्या रांजणातून तुंब्यात पाणी काढलं आणि त्याच्यापुढे धरलं, शेतावरून आलेल्या नवऱ्यापुढे धरतात तसं. पारे तिच्यासमोर उकिडवा बसला. लोकांना वाटलं आता गंमत होणार, म्हणून सगळे गप्प झाले; पण ती बोलली ते फक्त त्याला ऐकू येईल एवढंच.

"एक विचारायचं होतं तुम्हाला."

पारे दचकला. जन्मभर ती त्याला अरे-तुरे करत आली होती.

"देशाचं नाव बदललं त्याच्या पुढल्या वर्षी शिरगणती झाली. हा सामो वही घेऊन आपल्या अंगणात बसला होता. मी भिंतीपलीकडे शेंगा फोडत होते. त्यानं विचारलं, मुलं किती? तुम्ही म्हणालात, सहा." तिनं श्वास घेतला. "घरात पाच होती. सहावं कुणाचं?"

"वहिनी, अहो, ते—"

"तुला नाही विचारत. त्यांना विचारतेय."

ती पुढे बोलत राहिली, अगदी सावकाश.

"कोस्टला चार हंगाम काढलेत. तिथे कुणी असेल, मला वाटलंच. आधी जळले. मग म्हटलं, पोराचा काय दोष? तिकडे गोळीबार सुरू झाला, आपली माणसं बसगाड्या भरभरून परत आली, तेव्हा मी याकोच्या थांब्यावर बारा दिवस शेंगा विकत बसले. आठवतं? शेंगा कसल्या विकतेय! उतरणाऱ्या प्रत्येकाचे कान बघत होते. तुमचे कान लपायचे नाहीत. पास्कल मागची खोली मागतो, मी दिली नाही. म्हटलं, येईल तर कुठे झोपेल?"

त्या बारा दिवसांत पारे तिच्यापासून वीस पावलांवर टेबल मांडून परतलेल्यांची नावं लिहीत होता. तिच्याकडून शेंगाही घेतल्या होत्या त्यानं, थट्टा करत. त्याला आता स्वतःची लाज वाटली.

कारण त्याला ठाऊक होतं. सगळ्या जगात आता तेवढंच एक माणूस होतं, ज्याला ठाऊक होतं.

त्यानं टोपी नीट केली. घसा खाकरला. आवाज नोबिलाचा निघाला, पण बारीक.

"कोस्टवर कुणी नव्हतं गं. तो आपला पहिला."

कुईल्गा बघतच राहिली.

"तो... पाहुणा?" ती म्हणाली. नाव ठेवायच्या आत गेलेल्या तान्ह्याला गावात पाहुणाच म्हणतात. आला तसा परत गेला म्हणायचं, रडायचं नाही, मोजायचं नाही. तिसऱ्या दिवशी नाव ठेवायचं होतं आणि त्याच दिवशी सकाळी तो गेला होता. त्याला कुणी मोजलं असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"त्या सामोला म्हटलं, लिही. त्यानं लिहिलं. मग कधी गेला म्हणून विचारलं आणि खोडलं. सरकारला जिवंत माणसं लागतात म्हणाला. मी पुष्कळ सांगितलं. तो रेघ मारून मोकळा झाला."

हे बोलताना पारेला तिच्याकडे बघवेना. पुढे रेडिओवर आकडा आला, देशात ऐंशी लाख माणसं; तेव्हा कडुनिंबाखाली नोबिला म्हणाला होता, "अधिक एक." वीस वर्षांनी एक कोटी चाळीस लाख झाली, तेव्हाही म्हणाला, "अधिक एक." पारे दोन्ही वेळा हसला होता. अरे गुलामा, तुला मोजता येत नाही, असं म्हणाला होता.

"म्हणजे कुणी यायचं नाही," कुईल्गा म्हणाली.

एवढंच म्हणाली, आणि पारेला वाटलं आपण हे काय करून बसलो! तीस वर्षं तिनं मनात जपलेल्या माणसाला एका वाक्यात मारून टाकलं. खोटं बोललो असतो तर बाई निदान वाट तरी बघत राहिली असती. त्यानं घाईघाईनं आठवणीत हात घातला, आणि सापडलं ते देऊन टाकलं.

"त्याचं नाव सांगितलं होतं मी. वहीत नाव लागतं ना. सिबिरी."

सिबिरी. शनिवारी जन्मलेल्या पोराचं साधंसुधं नाव. बाजारात हाक मारली तर चार जण वळून बघतील.

कुईल्गाचे ओठ त्या नावावर एकदा मिटले, उघडले. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"सिबिरी कसा? शुक्रवार होता."

पारे गोंधळला. त्याला वार कुठला ठाऊक असणार? पण या अंगणात बसून त्यानं या दोघांची किती भांडणं ऐकली होती! टोळधाड आधी की विहीर आधी. लाल गाय कुणाच्या लग्नात विकली. नोबिला कधी एक पाऊल मागे हटला नव्हता. खोकला आपोआप वर आला.

"शनिवार."

"शुक्रवार! शुक्रवारी दुपारी. तुम्ही होतात कुठे? तुम्ही तर कोस्टच्या रेल्वेत! कुदुगूला उतरून घरी आलात ते शनिवारी!"

"मग बरोबर आहे. मी बघितला तेव्हा शनिवार होता."

"वा रे वा! म्हणजे तुम्ही येईपर्यंत तो जन्मलाच नव्हता? मी काय अख्खा दिवस रिकामी मांडी घेऊन बसले होते?"

तिचा आवाज चढला होता. अंगणाला आता सगळं ऐकू येत होतं. कशावरून चाललंय हे कुणाला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. भांडण ओळखीचं होतं. "अगदी तोच!" कुणीतरी ओरडलं. "अरे, अगदी तोच म्हातारा!" बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या.

"शनिवार," पारे म्हणाला.

कुईल्गा काठी टेकत उठली. ती काठी तिनं त्याच्या नाकासमोर नाचवली. हसण्यानं तिचे खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, गालांवरून, हनुवटीवरून, पुसायची शुद्ध तिला नव्हती.

"मेलात तरी हट्ट म्हणून सोडू नका!" ती ओरडली. "शुक्रवार होता तो. मी आई आहे त्याची. शुक्रवार!"

पास्कल धावत पुढे आला. आई हसली होती, आई रडली होती. ढोलकऱ्यांनी हात उचलले. रिवाजाप्रमाणे पारेनं आता टोपी उतरवायची आणि मेलेल्याला जाऊ द्यायचं.

"शनिवार," पारे म्हणाला.