उसवायला सोपे टाके

"शिवायला एक आणि उसवायला एक! असं दुकान जगात दुसरं कुठे असेल तर मला दाखवा."

हे वाक्य माझ्या उशीखालून आलं. निदान मला तसंच वाटलं. मी भाड्याने घेतलेली खोली दुकानाच्या बरोबर वर होती. मध्ये फक्त लाकडी फळ्या, आणि त्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. खालचं माणूस शिंकलं तर वरच्याने "जपा हो" म्हणावं, असा शेजार.

"आई, हळू. बाबा मागेच आहेत," एक तरुण आवाज म्हणाला.

"मी कुठे काय म्हणाले? कालचं झालं का तेवढं सांग."

"अर्धं उसवलंय. दुपारी ते झोपले की पुरं करते."

मी श्वास रोखून पडून राहिले. परक्यांची कुरकुर ऐकायला मिळणं ही प्रवासातली फुकटची चैन. घरी आपल्याला आपलीच ऐकावी लागते.

खरं तर मी इथे एकटी येणारच नव्हते. धाकट्या बहिणीबरोबर ठरलं होतं. तिने ऐन वेळी कच खाल्ली, आणि मी "मग मी एकटी जाते" असं रागाच्या भरात बोलून बसले. घरच्यांनी असे चेहरे केले, की जणू मी संन्यास घेतेय. मग माघार घेणं शक्यच नव्हतं. भाचीने काय काय बघायचं ते पढवून पाठवलं होतं. पण त्या सकाळी संग्रहालय गाठलं तर दाराला कुलूप, आणि दीपगृहाकडे निघाले ती मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत पोचले. तिथे बर्फाच्या कारखान्यातून वाहणाऱ्या पाण्यात चपला भिजल्या. परत आले तेव्हा माझ्यासारखीच ओली एक मांजर दुकानाच्या पायरीवर बसलेली होती. तिच्या शेजारी मीही बसले.

"आत या की ताई. मांजराला लाज नाही, तुम्हाला तरी असू द्या," घरमालकीण काकू म्हणाल्या. सकाळची कुरकुर ह्यांचीच होती.

दुकान शिडांचं होतं. शिडाच्या बोटींना लागणारी शिडं, होड्यांवरची आच्छादनं, सगळं इथे हाताने शिवत. जमिनीवर जाड पांढरं कापड पसरलेलं, मेण लावलेल्या दोऱ्याचा वास, आणि मधोमध मांडी घालून काका, काकूंचे यजमान. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधलेला. सुईचं बूड त्यावर टेकवून ते ती कापडातून रेटत होते. दोन घड्यांच्या काठावर पेन्सिलची रेघ होती. काकांचे टाके त्या रेघेला सोडून कधीच भलतीकडे निघाले होते, आणि ते तोंडाने शीळ घालत होते.

मी घरी ब्लाउज, फ्रॉक शिवते. कुणी शिकवलं नाही, कापड वाया घालवत शिकले. त्यामुळे माझी नजर त्या टाक्यांवरच अडकली. टाकेही केवढे! बोटाच्या पेरासारखे.

काकू मला चहाच्या निमित्ताने आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही शिवणातल्या आहात म्हणालात ना, तुमच्या लक्षात आलंच असणार. वय झालं की हात जरा इकडेतिकडे जातो. आमची सून दुपारी ते सगळं उसवते आणि पुन्हा शिवते. ह्यांना ठाऊक नाही. त्यांच्यासमोर चुकूनही बोलू नका बाई. कळलं तर पार खचतील."

"मी कशाला बोलतेय?" मी म्हटलं.

"आणि गंमत म्हणजे," काकूंना हसू आवरेना, "गेल्या वर्षभरात ह्यांचं नाव एवढं झालंय, विचारू नका! लोक म्हणतात, काकांचा हात म्हातारपणी सुधारला."

त्यांनी तीन कप भरले. काका बाहेरून आले, कपाच्या कानाऐवजी हवेत चिमूट धरली, मग सावकाश सरकत कपापाशी पोचले. काकू त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होत्या. मीही पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

दुपारी काका आडवे झाले. सून शिडाचा ढीग ओढून बसली. तिचा नवरा मालवाहू बोटीवर खलाशी, बहुतेक वेळ पाण्यावर. तिच्या बोटांना सुईने पडलेले घट्टे होते.

"द्या, मी उसवते. एवढं तर मला येतं," मी म्हटलं.

ती आधी "नको हो ताई" म्हणाली, मग तिने कात्री पुढे केली. काकांचे टाके भराभर निघत होते. ओढला की आला. ती मागोमाग शिवत होती, डाव्या हाताने. बारीक, एकासारखा एक टाका. दोरा तोच, मेण तेच, अंतर जुन्या कामाशी मिळतंजुळतं. फक्त सगळे टाके डावीकडे झुकलेले. तिने सगळं काकांसारखं केलं होतं, पण डावखुऱ्या हाताचा झोक कसा बदलणार!

"सुरेख शिवतेस गं."

तिने मान वर केली नाही. "हे पहिल्यांदाच कुणी मला म्हणालं. लोक बाबांना म्हणतात." थोडं शिवून झाल्यावर ती म्हणाली, "पलीकडच्या गोदीत मला बोलावलंय. तिथे एकदा फाटलेलं शीड सांधून दिलं होतं, मुकादमाने पाहिलं. शिडांचं सगळं काम माझ्या हाती देतो म्हणतोय. आज संध्याकाळच्या होडीने जाऊन हो की नाही ते सांगायचंय."

"मग?"

"मी गेले तर बाबांचं काम जसंच्या तसं समुद्रावर जाणार. वाऱ्यात शीड फाटलं तर माणसं पाण्यात. आणि राहिले, तर सगळा जन्म चोरून शिवत काढायचा." तिने दातांनी दोरा तोडला. "आईंना आज सकाळी सांगितलं गोदीचं. त्या म्हणाल्या, भात लावलाय का."

मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मेण आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. खरं तर मेणाचा अख्खा गोळा तिच्या मांडीशीच होता.

ती गेली आणि काका उठून आले. भिंतीला हात लावत, मी बसले होते तिथवर.

"ताई, तुम्हीच ना? पावलं नवी आहेत."

ते शिडापाशी बसले आणि शिवणीवरून अंगठा फिरवू लागले. मायेने, पाठीवरून फिरवावा तसा.

"माझा टाका उजवीकडे झुकतो," ते म्हणाले. "हा बघा कसा पडलाय. डावीकडे. आमची सून डावखुरी आहे."

माझ्या हातात अजून कात्री होती. ती मी पदरामागे लपवली. कुणापासून, देव जाणे.

"तुम्हाला माहीत आहे?"

"अंगठा आहे ना मला. एकट्यानेच डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, आहे तेवढं टिकेल, गेलेलं यायचं नाही. काय गेलंय, त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही."

"मग शिवता कशाला, काका?"

"थांबलो तर हिला कळेल ना! आमच्या हिला हो. खचेल ती. तिच्यासमोर काही बोलू नका." मग ओशाळून हसत म्हणाले, "सुनेच्या दुपारी जातात, ते मला कळतं. म्हणून तर टाके मोठे घालतो. उसवायला तरी सोपे."

"नाही बोलणार," मी म्हटलं. ही दोघं एकमेकांना जपत होती, आणि त्याचा खर्च तिसरीच्या बोटांवर पडत होता. मी चार दिवसांची पाहुणी, दोन्ही गुपितं माझ्या ओटीत, आणि दोघांनाही मी "नाही बोलणार" म्हणून बसलेले! वाटलं, संग्रहालय उघडं असतं तर किती बरं झालं असतं. पण हेही वाटलं, की नसतं झालं.

"तिला गोदीत बोलावलंय, ऐकलंत का?" तेवढं मात्र मी बोलले. ते गुपित कुणी मला शपथ घालून दिलं नव्हतं.

काकांचा अंगठा शिवणीवर थांबला.

ऊन उतरता उतरता सून परतली. होडीला जायचे कपडे करून तयार झाली. तेवढ्यात दारात एक दणदणीत आवाज आला. लोकांना खाडीतून फिरवून आणणाऱ्या मोठ्या शिडाच्या बोटीचा मालक.

"काका, नवं शीड करायचंय! सगळ्यांत मोठं. पोराबाळांना घेऊन जातो आम्ही, म्हणून यंत्राचं काम नको. तुमचाच हात पाहिजे. गेल्या वर्षभरात काय काम केलंत तुम्ही, वा!"

सुनेने पायातली चप्पल एकदा काढली आणि पुन्हा घातली.

"मी नाही घेत," काका म्हणाले.

"का हो?"

"खांदा दुखतो."

"खांदा?" काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"हो, दुखतो त्यांचा," सून घाईने म्हणाली. "थंडीने."

"हवाच तशी आहे," मीही म्हटलं. घामाने माझी पाठ भिजली होती.

मालक आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. "बरं होईपर्यंत थांबतो की. मला घाई नाही."

काका मान खाली घालून बसले होते. सुनेने घड्याळाकडे पाहिलं, पिशवी खांद्याला लावली आणि "येते मी" म्हणत उंबरठ्यापाशी गेली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग ओले हात कपड्यांना पुसत त्या सरळ दारात जाऊन उभ्या राहिल्या, सून आणि रस्ता यांच्या मध्ये.

"खांदाबिंदा काही दुखत नाही," त्या म्हणाल्या. आवाज सकाळच्याच चिडीचा होता, फक्त शेवटी जरा फाटला. "ह्यांना दिसत नाही. वर्षभरातलं सगळं काम हिचं आहे. माप हिला द्या."