खंडेनवमीला मला बंद केलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना, काचेच्या दाराचा फ्रिज आहे. पूर्वी मुलुंडच्या एका दुकानात थंड पेयांच्या बाटल्या सांभाळायचो. दुकान बंद पडलं, मी भंगारात निघालो आणि तिथून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत आलो. तिथे माझ्या पोटात दिवे बसले, फळ्यांवर काचेचे चंबू आले आणि मला मान मिळाला.

चंबूंत खारं पाणी आणि त्यात तपकिरी समुद्रशेवाळाचे नखाएवढे तुकडे. केळीची रोपं टिश्यू कल्चरनं करतात ना, तसाच हा उद्योग. एका तुकड्यातून पुष्कळ रोपं वाढवायची, म्हणजे खडकावरचं शेवाळ ओरबाडायला नको. अडचण जंतूंची होती. ते मारायला जावं, तर शेवाळच मरायचं. प्रयोगशाळेतली संशोधक, मनोरी गावची जेनिस, वर्षानुवर्षं त्या जंतूंच्या मागे हात धुऊन लागली होती. अखेर थोडे तुकडे स्वच्छ होऊन जगले. त्यांना हवा होता गारवा आणि उजेड. तो मी देत होतो, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

मग खंडेनवमी आली. जेनिस सुट्टीवर होती. यंत्रांची देखभाल करणाऱ्या शिवदासकाकांनी मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि माझा प्लग काढला!

"वर्षभर राबतोस बाबा, आता जरा आराम कर," ते प्रेमानं म्हणाले.

त्यांचे वडील गिरणीत होते. नवमीला थांबवलेलं यंत्र दसरा झाल्यावरच सुरू करायचं, ही त्यांच्या घरची रीत. मी ओरडणार तरी कसा?

बाहेर ऑक्टोबरचा उकाडा होता. मी ठरवलं, दार घट्ट मिटून उरलासुरला गारवा तळाशी धरून ठेवायचा. वरच्या फळीवरच्या चंबूंतलं पाणी गढूळ झालं, मग मधल्या फळीवरचंही. मला फार वाईट वाटलं, पण मी दार सैल पडू दिलं नाही.

दसऱ्यानंतर जेनिस आली आणि दारातच थबकली.

"अरे देवा, वाट लागली! याला बंद कोणी केलं?"

"मी, मॅडम," शिवदासकाका रडवेले झाले. "चांगल्यासाठीच केलं हो."

"माहितीये काका. पण हा थांबला की आतले मरतात ना!"

तिनं एकेक चंबू बाहेर काढला. शेवटी तळाच्या कोपऱ्यातला एक उजेडात धरला. पाणी नितळ होतं, तुकडा तपकिरी.

"एक वाचलाय! काका, प्लग लावा. पुन्हा सुरू करू."

त्या एका तुकड्याची लेकरं आज माझ्या सगळ्या फळ्यांवर वाढताहेत. यंदाच्या खंडेनवमीला काकांनी हार घातला, तेव्हा मी घूं घूं करत कामातच होतो. मित्रांनो, माझी पूजा जरूर करा. पण मला चालू ठेवून करा. माझ्या पोटात जीव आहेत.