मोजलेलं डोकं

तुरटीचा वास आला की गोदावरीबाईंना अजून देव आठवतो. लोकांना तो धुपाच्या वासानं आठवतो. ज्याचा त्याचा वास.

गोष्ट सोलापुरातली, सन सव्वीसची. गोदावरी तेव्हा बावीस वर्षांची होती. इन्फ्लुएन्झाच्या साथीत नवरा गेला, सासरच्यांनी तिला माहेरी आणून पोचवलं, आणि घरच्या उपाध्यायांनी पोथी उघडून तिचं डोकं वस्तऱ्याच्या स्वाधीन केलं. तेव्हापासून अंगावर तांबडं आलवण, आणि दर पंधरा दिवसांनी सकाळी परसात वस्तरा-तुरटी घेऊन रामहरी न्हावी. घरात कसलीही मोजदाद निघाली की ती तिच्यात नसे. हळदीकुंकवाच्या बायका मोजताना नसे, पंगतीची पानं मोजताना नसे. खानेसुमारीवाला आला तेव्हा वहिनीनं घरात माणसं पाच असं सांगितलं. सहावी दारामागेच उभी होती. म्हणजे पुढची दहा वर्षं ती सरकारच्या लेखीसुद्धा नव्हती.

रामहरी साठीचा, हाताचा हलका आणि जिभेचा त्याहून हलका. एकदा मंगळवारच्या बाजारात मिशनचा उपदेशक पुस्तकं फुकट वाटत होता. त्यानं रामहरीला विचारलं, वाचता येतं का? रामहरी म्हणाला, वाचता येत न्हाय, पुसता येतं. उपदेशकाला वाटलं काहीतरी खोल बोलला; त्यानं एक शुभवर्तमान, म्हणजे त्यांच्या देवाच्या चरित्राचं पुस्तक, त्याच्या हातावर ठेवलं. कागद मोठा छान होता. वस्तरा पुसला तरी फाटत नसे, तंतू सोडत नसे. रामहरीनं ते पुस्तक धोकटीत टाकलं आणि गोदावरीच्या डोक्यासाठी राखून ठेवलं. गिऱ्हाइकात फरक करायचा तो असा.

दर वेळी तो एक पान फाडून जमिनीवर पसरी आणि वाटीनं दाबून ठेवी. मान खाली घातलेल्या बाईला दुसरं दिसतं काय? वडिलांनी लहानपणी अक्षरओळख करून दिली होती, ती अशी कामाला आली. पहिला हात फिरायच्या आत ती पान उलटून पाठपोट वाचून काढी, आणि मग त्यावर तिचेच केस पडत.

अडचण एवढीच, की रामहरी शेवटाकडून फाडत असे. पुढनं फाडलं की पुस्तक उघडं पडतं, असं त्याचं मत. त्यामुळे गोदावरीच्या पुस्तकात तो माणूस आधी कबरेतून उठला, पंधरा दिवसांनी त्याला खांबावर खिळलं, मग पकडलं, मग त्याचे मित्र त्याच्याबरोबर जेवायला बसले. पुढं पुढं तर तो आंधळ्यांना बरं करत आणि गोष्टी सांगत मजेत हिंडायला लागला. तिला यात वावगं काही वाटलं नाही. तिच्याही आयुष्याचा शेवट आधी होऊन गेला होता. त्यामुळे हे पुस्तक तिला खरं वाटलं. रामहरी वस्तऱ्याला धार लावता लावता विचारी, आज काय म्हनतोय त्यो? ती सांगे.

नवव्या महिन्यात एक पान आलं. ते तिनं वाचलं. रामहरीनं डावी बाजू उतरवून घेतली तरी ती बोलेना. शेवटी त्यानं विचारलंच, आज कोन मेलं का काय?

तिनं सांगितलं. कवडीमोलाच्या चिमण्या, पण आकाशातल्या बापाच्या नकळत त्यांतली एकही खाली पडत नाही म्हणे. आणि माणसाच्या डोक्याचा तर केस न् केस त्यानं मोजून ठेवलाय.

"समद्यांच्या डोस्क्याचा?" रामहरीनं धंद्याच्या काळजीनं विचारलं.

"सगळ्यांच्या. माझं डोकं आलं की तेवढं सोडून पुढे जात असेल." ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "इथंही मी मोजणीत नाही, रामहरी."

रामहरीचा वस्तरा थांबला. चाळीस वर्षं डोकी हाताळलेल्या माणसासमोर डोक्याबद्दल कुणी काहीतरीच बोललेलं त्याला खपत नसे.

"न्हाय कसं, आक्का? पंदरा दिसांनी येतो तवा काट्यावानी टोचतं की हाताला. लोकांचं एकदा मोजलं की त्यो मोकळा. तुमचं मी काडलं की त्येला पुन्यांदा पयल्यापासनं. माज्या मागं त्योबी दर पंदरा दिसांनी हितं येऊन बसत आसंल, ह्या दगडावर." त्यानं कपडे धुवायच्या दगडाकडे बोट दाखवलं. "तुमच्या डोस्क्यावर त्येचा जेवढा येळ गेलाय, तेवढा साऱ्या सोलापुरात कुनाच्या डोस्क्यावर गेला नसंल."

गोदावरीनं मान वर केली. आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही चालू कामात. वस्तरा कानाला लागता लागता राहिला. दगडावर एक चिमणी बसली होती. गोदावरी पदरानं डोळे पुसून उठली.

"राहू दे आता."

"अर्दंच?"

"त्याला आणखी किती वेळा मोजायला लावायचं?"

ती तशीच घरात गेली. डावीकडून गुळगुळीत, उजवीकडून पंधरा दिवसांचं पीक. वहिनीच्या हातातलं भांडं पडलं. भाऊ वेणीमाधव कचेरीत कारकून होता. त्यानं रीतसर उपाध्यायांना विचारलं. उपाध्यायांनी पोथ्या काढल्या. वपन केलेल्या बाईबद्दल पुष्कळ लिहिलेलं होतं, न केलेल्या बाईबद्दल त्याहून पुष्कळ. अर्ध्या बाईबद्दल कुणीच काही लिहून ठेवलं नव्हतं. ते आणखी मोठ्या शास्त्रीबुवांना पत्र धाडतो म्हणाले. शास्त्रीबुवांनी डावी बाजू की उजवी, एवढा खुलासा मागवला. वेणीमाधव कचेरीतला माणूस. वरून उत्तर येईपर्यंत खाली काही हलवायचं नसतं, हे त्याच्या हाडात होतं. पत्रं जात राहिली, येत राहिली, आणि केस वाढत राहिले.

रामहरी मात्र दर पंधरवड्याला येतच राहिला, सवयीनं. परसात बसे, एक पान पसरी, वाटीनं दाबी. वस्तरा धोकटीतून बाहेर काढत नसे. राहिलेली नऊ पानं तिनं अशी मान वर ठेवून वाचली. नवव्या पानावर बापजाद्यांची लांबलचक यादी होती, नावामागून नाव, आणि खाली एक बाळ.

"आता फुडं?" रामहरीनं विचारलं.

"पुढे काही नाही. जन्मला तो."

"बरं झालं," रामहरी म्हणाला. "मला सारका घोर हुता, पुन्यांदा मरतोय का काय."

शास्त्रीबुवांचं उत्तर आलं तेव्हा केस कानाखाली उतरले होते. उत्तरात काय होतं ते आता कुणाला आठवत नाही. तोवर दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या, त्यामुळे पत्र कुणाबद्दल आहे तेच वेणीमाधवला ठरवता येईना.

पुढे गोदावरीबाई मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्या. त्यांनी तेच पुस्तक सुलट क्रमानंही वाचलं. चांगलं आहे, पण शेवटाकडून जास्त खरं वाटतं, असं त्या म्हणतात. रामहरी सन तेहतीसमध्ये गेला. तो धुवायचा दगड अजून परसात आहे. त्यावर त्या कुणाला बसू देत नाहीत.

रोज सकाळी परसात बसून त्या वेणी घालतात. केस आता पांढरे व्हायला लागलेत, गळतातही. फणीत अडकलेले त्या एकेक सोडवून घेतात आणि दगडाकडे बघून हलक्या आवाजात सांगतात, "आज तीन गेले हो. पुन्हा पहिल्यापासून नको."